कासवपाठचं राज्य

ऋतिका परबला डोंगर काढायला फार आवडायचं आणि तिच्या आजोबांना तिचे डोंगर मुळीच पटायचे नाहीत.

“ह्यो हयसर कोणी आणून ठेवलो?” लवू आजोबा स्क्रीनवर बोट टेकवून विचारत. “मागे काय नाय, पुढे काय नाय. बस चुकल्यासारखो एकटोच उभो आसा.”

“आजोबा, हे काल्पनिक जग आहे. इथे धबधबे खालून वर जातात. एक डोंगर एकटा असला तर काय बिघडलं?”

“धबधबे जाऊं देत वर. पण ह्या डोंगरावरचा पाणी खंय जाता, ता सांग.”

ऋतिका तोंड वाकडं करून माउस हलवी, नदीचा ब्रश उचली आणि डोंगराच्या पायथ्याशी एक ओढा काढून देई. ओढा आला की डोंगर एकदम खरा दिसू लागे. तिला नेमकं हेच खटके. म्हातारा दरवेळी बरोबर कसा काय निघतो?

हा कारभार गेला महिनाभर दिंडोशीच्या वसाहतीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावर चालला होता. मरोळला गेम बनवणारी एक छोटी कंपनी होती. सात-आठ माणसं, दोन खोल्या आणि एक बाल्कनी, एवढाच पसारा. त्यांचा ‘चौराज्य’ नावाचा डावपेचांचा खेळ होता. चार खेळाडू, चार राज्यं, प्रत्येकाची एक राजधानी. आपलं सैन्य वाढवायचं, शेजाऱ्याच्या मुलखात शिरायचं आणि त्याची राजधानी घ्यायची. खेळाबरोबर नकाशे बनवायचा एडिटर फुकट मिळे. ऋतिका कॉलेजात असल्यापासून त्यात जगं बनवत आली होती. त्यातली दोन-तीन जगं कंपनीच्या मालकीणबाई शर्मिष्ठा राजाध्यक्ष यांच्या नजरेस पडली, आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं.

“एक महिना घे,” त्या म्हणाल्या होत्या. “नवं जग बनव. शेवटच्या शुक्रवारी आम्ही बसून खेळू. नकाशाने आम्हाला दोन तास खुर्चीत धरून ठेवलं तर सोमवारपासून कामाला ये.”

घरी मात्र सोमवारची तजवीज आधीच झाली होती. हर्षद, म्हणजे ऋतिकाचे बाबा, एका कुरियरच्या गोदामात सुपरवायझर होते आणि आयुष्यात ज्याला पगाराची तारीख नाही ते काम नव्हे, असं त्यांचं मत होतं. मालाडच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या रिपोर्टांच्या काउंटरवर मुलगी हवी होती. त्यांनी शब्द टाकून जागा धरून ठेवली.

“शुक्रवारी त्यांनी घेतलं तर मी पेढे आणतो,” ते म्हणाले. “नाही घेतलं तर सोमवारी साडेआठला मालाड. मग नाटकं नकोत. कबूल?”

“कबूल,” ऋतिका म्हणाली. कबूल न करून सांगते कोणाला? बाबा काही वाईट बोलत नव्हते. फक्त तो काउंटर तिला नको होता. दिवसभर लोकांचं हिमोग्लोबिन पाकिटात घालायचं आणि रात्री थकून झोपायचं, मग डोंगर कधी काढायचे?

म्हणून ती जीव ओतून काम करत होती. नव्या जगात चार राज्यं होती. एक उलट्या धबधब्यांचं, तिथलं पाणी ढगांकडे चढायचं. दुसरं मिठाच्या जंगलाचं, पांढरीशुभ्र झाडं आणि त्यांत हरवणारे लोक. तिसऱ्या राज्यात धुक्याच्या मेंढ्या चरायच्या आणि त्यांच्या लोकरीची तंबूंची शहरं होती. चौथं कासवपाठ. एक प्रचंड कासव हजारो वर्षं झोपलेलं आणि त्याच्या पाठीवर माणसांनी वस्ती केलेली.

कासवपाठ आजोबांचं लाडकं. संध्याकाळची मालिका सोडून ते खुर्ची ओढून ऋतिकाशेजारी बसत आणि कासवाच्या पाठीवर गावं वसवत. गिरणीत होते तेव्हा चाळीच्या खोलीत आठ जणांत राहिले, संप झाल्यावर वीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून काढली. स्वतःची जमीन म्हणून बोटभर कधी झाली नाही. त्यामुळे हाताशी अख्खं कासव आल्यावर ते सुटलेच. विहीर कुठे, तिठा कुठे, भंडाऱ्यांची घरं कुठे, सगळं त्यांनी सांगितलं. एका गावाची जागा तर चार वेळा बदलून घेतली, कारण तिथे म्हणे सकाळचं ऊन येत नव्हतं.

आणि मग एके दिवशी त्यांनी नवीन खुसपट काढलं.

“राखणदार खंय?”

“कसला राखणदार?”

“शिमेवरचो. राज्य केलंस, शीम घातलंस, मगे शिमेर देव नको? आपल्या गावात शीम ओलांडूची तर आधी राखणदाराक गाऱ्हाणा घालूचा लागता. तसोच कोणय उठलो आणि दुसऱ्याच्या गावात शिरलो, असा चलाचा नाय.”

ऋतिकाने आधी हसण्यावारी नेलं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ती कल्पना काही तिला सोडेना. सकाळी उठून तिने चारही राज्यांच्या सीमांवर शेंदूर लावलेले दगड बसवले. मोजून त्रेचाळीस. सैन्य दगडाशी आलं की थांबायचं. पडद्यावर गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घातलेलं साकडं, उमटायचं, होकार मिळायचा आणि दगड बाजूला सरकून वाट द्यायचा. मजकूर आजोबांनी सांगितला, तिने टाइप केला.

एडिटरमध्ये असा नियम बसवायला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात शेवटचा प्रश्न होता, होकार कोणी द्यायचा? खाली तीन पर्याय: ज्याची चाल आहे तो, त्याचे मित्र, सगळे.

ऋतिकाने ‘सगळे’ निवडलं. तिने विचारही केला नाही. गाऱ्हाणं घालताना समोर उभी असलेली सगळी माणसं एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणतात, हे ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी गप्प राहायचं, हे कसलं गाऱ्हाणं? त्रेचाळीस दगडांवर तिने त्रेचाळीस वेळा ‘सगळे’ निवडलं. घरी ती एकटीच खेळून बघत होती, त्यामुळे सगळे म्हणजे ती एकटीच. दगड झकास सरकत होते.

शुक्रवारी निघताना आजोबा नवीन सदरा घालून दारात उभे.

“तुम्ही कुठे?”

“तुझ्यावांगडा. माझे राखणदार कसे चालतत ता बघूचा आसा.”

“आजोबा, तिथे मुलाखतीसारखं आहे. नातेवाईक आणत नाहीत.”

“मी वर येतंय खंय? खाली टपरीवर चाय घेतंय आणि बसतंय.”

आरेतून मरोळला जाणाऱ्या बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि सबंध वाटेत झाडं आणि म्हशींचे गोठे बघत खूश होते. ऋतिकाला मात्र एक झाड दिसलं असेल तर शपथ. मरोळला त्यांना टपरीच्या बाकावर बसवून ती एकटी वर गेली.

बरोबर दोन वाजता खेळ सुरू झाला. शर्मिष्ठा मॅडमनी उलटे धबधबे घेतले. मिहिर आणि अनय हे तिथले दोघं जुने खेळाडू. मिहिरने मेंढ्या घेतल्या, अनयने मिठाचं जंगल. चौथा माणूस सुट्टीवर होता, म्हणून कासवपाठ कॉम्प्युटरला दिलं. ऋतिका मागे स्टुलावर बसली. बनवणाऱ्याने खेळात नाक खुपसायचं नाही, असा तिथला नियम होता.

पहिला अर्धा तास सुखाचा गेला. “च्यायला, काय दिसतंय यार हे जंगल,” अनय म्हणाला. मिहिरला मेंढ्या इतक्या आवडल्या की सैन्य उभारायचं सोडून तो त्यांना चारतच बसला. मॅडमनी दोनदा पुढे वाकून धबधबा निरखला. ऋतिकाने स्टुलाखाली बोटं घट्ट गुंफून ठेवली होती.

मग मिहिरचं सैन्य आपल्याच राज्याच्या सीमेवर पोचलं. चारही स्क्रीनवर शेंदरी दगड उभा राहिला आणि अक्षरं उमटली:

“बा देवा राखणदारा, बारा वाटांच्या आणि बारा वस्त्यांच्या म्हाराजा! आज ही लेकरां तुझी शीम ओलांडतत. तेंच्या हातान काय चुकला-माकला असात तर पोटात घाल, आणि गेल्या वाटेन घराक परत हाड, रे म्हाराजा!”

खाली एकच बटण: व्हय म्हाराजा.

“अरे, हे एक नंबर आहे!” मिहिर ओरडला आणि त्याने बटण दाबलं. अनयने दाबलं, मॅडमनीही दाबलं. बटणाखाली आकडे आले, चारपैकी तीन.

आणि तिथेच राहिले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. दगड ढिम्म. कॉम्प्युटर आपल्या कासवावर निवांत बसून होता. त्याला कोणी व्हय म्हणायला शिकवलंच नव्हतं. ऋतिकाच्या डोळ्यांसमोर तो फॉर्म आला, त्यातला शेवटचा प्रश्न आला आणि तिच्या कानशिलांतून गरम वाफा निघाल्या. वाट लागली. एका ठिकाणी नाही, त्रेचाळीस ठिकाणी.

“सर्व्हर लटकला असेल,” मिहिर मागे वळून तिला म्हणाला. पोरगा मनाने चांगला होता. “कालपण असंच झालं होतं. काय ना, ऋतिका?”

किती सोपं होतं! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सर्व्हर काही तक्रार करायला येणार नव्हता. ऋतिकाने मान हलवायला घेतलीसुद्धा, पण डोळे स्क्रीनवरच्या ‘चुकला-माकला’वर गेले आणि तिची तिलाच लाज वाटली.

“सर्व्हर नाही,” ती उठून म्हणाली. “चूक माझी आहे. होकार ज्याची चाल आहे त्याने द्यायचा होता. मी सगळ्यांचा मागितलाय. कॉम्प्युटर कधीच हो म्हणणार नाही, त्यामुळे कोणीच कुठे जाऊ शकणार नाही. आणि हे प्रत्येक सीमेवर आहे.”

“दुरुस्त करायला किती वेळ?” मॅडमनी विचारलं.

“प्रत्येक दगड वेगळा उघडावा लागेल. दीड तास.”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. “साडेचारला माझी मीटिंग आहे. मग आज कठीण आहे, ऋतिका. पुढच्या महिन्यात बघू.”

पुढचा महिना! पुढच्या महिन्यात ती मालाडला गळ्यात ओळखपत्र घालून बसलेली असणार होती. तिने “हो मॅडम” म्हटलं, पण आवाज कुठून आला ते तिचं तिलाही कळलं नाही.

नेमक्या त्याच वेळी दार ढकलून आजोबा आत आले.

“ऋतिका, हयसर बाथरूम खंय आसा गो? खालचो टपरीवालो म्हणालो, वर विचारा.”

दोन कप चहा आणि बहात्तर वर्षांचं वय, त्यात त्यांचा काय दोष? अनयने त्यांना आतली वाट दाखवली. ऋतिका तेवढ्यात बॅग भरायला लागली. आजोबा रुमालाने हात पुसत परत आले, तर समोरच्या स्क्रीनवर त्यांचा शेंदरी दगड! ते तिथेच थबकले. गाऱ्हाणं वाचलं, खालचे आकडे वाचले.

“तीन जण म्हणाले. चौथो कोण?”

“चौथा कॉम्प्युटर आहे, आजोबा,” मिहिर म्हणाला.

“तो व्हय कसो म्हणतलो? त्याका तोंड आसा काय?” त्यांनी रिकामी खुर्ची ओढली. “सरा. मी बसतंय.”

ऋतिकाने डोळे मिटून घेतले. पण मॅडम हसल्या. “बसा,” त्या म्हणाल्या. “तसाही साडेचारपर्यंत वेळ आहे.” त्यांनी कॉम्प्युटरला उठवून कासवपाठ आजोबांच्या नावावर करून दिलं. आजोबांनी एका बोटाने बटण दाबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “व्हय म्हाराजा!” दगड सरकला.

पुढे जे झालं ते त्या ऑफिसात आजवर कधी झालं नव्हतं. मिहिरचं सैन्य मोकळ्या माळावरून चालत अनयच्या सीमेवर आलं. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा चार बटणं. अनयने हात मागे घेतले.

“मी कशाला हो म्हणू? तू मलाच मारायला येतोयस ना!”

“अरे, पण तू हो म्हटल्याशिवाय मी येऊ कसा?”

“नकोच येऊ!”

आणि सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की या जगात ज्याच्यावर चालून जायचं त्याचीच परवानगी लागते. अनय टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. ऋतिकाला हसावं की खिडकीतून उडी मारावी, कळेना.

“मग देणं-घेणं बोला की,” आजोबा म्हणाले. “भांडूचा आसा तर आधी बसान बोलाक नको?”

मग बाजारच सुरू झाला. मिहिरने शंभर मेंढ्या देऊ केल्या, तेव्हा कुठे अनयने त्याला एका कोपऱ्यातून आत घेतलं. तेवढ्यासाठी बाकी दोघांचा होकार हवाच होता, तो आजोबांनी मिठाची एक खाण घेतल्याशिवाय दिला नाही. अनयला उलटा हल्ला करायचा होता, तर आजोबांनी आणखी एक खाण घेतली. गिरणीच्या गेटवर मालकाच्या माणसांशी बोलणी केलेला माणूस तो. बटणावर बोट ठेवायचे, उचलायचे, सुस्कारा सोडायचे आणि म्हणायचे, “नाय बाबा, माका पटत नाय.” की समोरचा भाव वाढवायचा, आणखी मेंढ्या, आणखी एखादी खाण. शिपाई एकही न मारता कासवपाठ बघता बघता सगळ्यांत श्रीमंत झालं.

साडेचार वाजले. मॅडमनी फोन उचलून मीटिंग उद्यावर ढकलली आणि पुन्हा माउस धरला. शेजारच्या खोलीतली माणसं येऊन मागे उभी राहिली होती. कोणाचाही होकार आला की सगळे मिळून ओरडत, “व्हय म्हाराजा!”

अखेर मॅडमचं सैन्य कासवपाठच्या सीमेवर येऊन उभं राहिलं. अडीच तास गुपचूप वाढवलेलं सैन्य, धबधब्यांवरून चढत आलेलं. मिहिर आणि अनय दोघांनी आपापली किंमत वसूल करून होकार दिला होता. चारपैकी तीन झाले. राहिले आजोबा.

“आजोबा, माझ्या दोन्ही खाणी घ्या,” मॅडम म्हणाल्या.

“खाणी आसत माझ्याकडे.”

“निम्मं सोनं घ्या.”

आजोबांनी मान हलवली.

“मग हवंय काय तुम्हाला?”

आजोबा खुर्चीत ताठ बसले. सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि जमेल तेवढ्या शहरी मराठीत म्हणाले, “ह्या आमच्या पोरीला सोमवारपासून कामाला घ्या. मग माझं राज्य घ्या.”

“आजोबा!” ऋतिका किंचाळलीच. “काय बोलताय तुम्ही! मॅडम, सॉरी, त्यांना कळत नाही...”

“माका सगळा कळता,” आजोबा मागे न बघता म्हणाले.

मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या. “आजोबा, माझं सैन्य तुमच्या तिप्पट आहे. तुम्ही हो म्हणालात तर दोन चालींत राजधानी जाईल.”

“ठावक आसा. मी मोजलंय.”

“तरी?”

“तरी.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “घेतली कामावर.”

आजोबांनी बोट बटणावर ठेवलं. या वेळी खणखणीत आवाज आला नाही. “व्हय म्हाराजा,” ते हळूच म्हणाले आणि दगड सरकला.

खरोखर दोनच चाली लागल्या. पहिल्या चालीत तिठा गेला, विहीर गेली, भंडाऱ्यांची घरं गेली. ज्या गावाची जागा त्यांनी उन्हासाठी चार वेळा बदलून घेतली होती, तेही गेलं. दुसऱ्या चालीत राजधानीवर मॅडमचा निळा झेंडा चढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनीही वाजवल्या, पण मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ते त्या कासवाकडे बघत राहिले. खेळातलंच राज्य, हे त्यांनाही माहीत होतं. तरी त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच, आणि ते बघून ऋतिकाला भडभडून आलं.

अनय त्यांना खाली चहाला घेऊन गेला, तशी ती मॅडमसमोर उभी राहिली. मनात वाक्य जुळवलं होतं, ते तोंडातून भलतंच निघालं.

“मॅडम, असली नोकरी मला नको. म्हणजे हवी आहे. खूप हवी आहे. पण आजोबांनी अडवून मागितलेली नको.”

“वेडी आहेस का?” मॅडम म्हणाल्या. “मिहिरने तुला सर्व्हरचं निमित्त आयतं हातात दिलं होतं. तू घेतलं नाहीस. माझं तेव्हाच ठरलं. नकाशा चुकला तर दुरुस्त करता येतो, चूक लपवणारा माणूस मला सांभाळता येत नाही. पुढच्या महिन्यात तुला बोलावणारच होते.” त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. “आणि नंतर या तुझ्या चुकीने मला मीटिंग विसरायला लावली. म्हणून पुढचा महिना कशाला, सोमवारीच ये.”

ऋतिकाच्या डोक्यात भलताच प्रकाश पडला.

“म्हणजे आजोबांनी मागितलं तेव्हा तुमचं ठरलेलंच होतं?”

“हो.”

“मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?”

“मला राजधानी हवी होती ना!” शर्मिष्ठा राजाध्यक्ष म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. “तुझे आजोबा एरवी देणार होते का? सोमवारी दहाला ये. पहिलं काम म्हणजे ते त्रेचाळीस दगड. मूळ नकाशाची एक प्रत मात्र अशीच राहू दे.”

परतीच्या बसमध्ये आजोबा खिडकीशी बसले, पण या वेळी त्यांनी झाडांकडे पाहिलंही नाही. आरेत गोठ्यांच्या वासाबरोबर वारा आत आला, तसे ते जरा सावरले.

“बाईन राजधानी घेतल्यान,” ते म्हणाले.

“हो ना.”

“मी दिली नसतंय तर घेवक गावली नसती. आणखी दोन तास बसले असते तरी नाय. माझ्याकडे काय कमी होता? तीन खाणी, अडीचशे मेंढरां.” त्यांनी एक श्वास घेतला आणि त्यांचं पडलेलं तोंड हळूहळू खुलत गेलं. “पण व्यवहार बरो झालो मां? एक राज्य दिलंय, नातीक नोकरी. माझ्या बापाशीन माझ्यासाठी गिरणीत माणसां भरणाऱ्या जॉबराक नुसते दोन नारळ दिल्यान होते.”

ऋतिकाने तोंड उघडलं. मॅडमचं वाक्य ओठांवर आलं होतं. सांगून टाकलं असतं तर आजोबा दोन मिनिटं मॅडमच्या नावाने बोटं मोडून हसलेही असते कदाचित. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते नव्या सदऱ्यात, खिडकीशी, छाती काढून बसले होते. तिने तोंड मिटलं आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

घरी हर्षद दारातच उभे होते. “काय झालं?” त्यांनी विचारलं. ऋतिका चपला काढेपर्यंत आजोबांनी सगळी हकीकत सांगितली, पाणी पिऊन पुन्हा सांगितली आणि जेवायला बसल्यावर तिसऱ्यांदा सांगितली. तोवर कासवपाठच्या खाणी सात झाल्या होत्या, मेंढ्या हजाराच्या घरात गेल्या होत्या आणि मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“बाबा, पुरे आता,” हर्षद म्हणाले. मालाडला नाही म्हणून कळवून झालं होतं आणि पेढ्यांचं पुडकं उघडून टेबलावर ठेवलं होतं. ते लेकीकडे वळले. “तू सांग ऋतिका. हे राज्य देऊन नोकरी घेतली म्हणतात, ते खरं का?”

आजोबांचा घास हातात थांबला.

“राज्य दिलं ते खरं,” ऋतिका म्हणाली. “मी तिथेच होते, बाबा. मॅडम हो म्हणताच लगेच दिलं, आणि सगळंच्या सगळं दिलं.”

“आयकलंस?” आजोबा मुलाला म्हणाले, आणि त्यांनी दोन पेढे उचलले.